एकवीस मणी

यांगस्कित : शिडी कुठाय, आबा?

पुंचोक : इथेच आहे. माझ्याखाली. दोन तुकड्यांत.

यांगस्कित : आणि तुम्ही?

पुंचोक : मी एकाच तुकड्यात. गुडघा तेवढा वेगळं बोलतोय.

यांगस्कित : थट्टा सुचतेय तुम्हाला! सगळं गाव खाली ट्रकमध्ये चढून बसलंय. मी घराघरात, गोठ्यागोठ्यात हाका मारत फिरतेय, आणि माझा बाप झऱ्याच्या टाकीत! कधी उतरलात?

पुंचोक : उजाडायच्या आत. तू झोपली होतीस.

यांगस्कित : हात वर करा बघू. अजून. टाचा उचला.

पुंचोक : दीड पुरुष खोल आहे पोरी. मीच बांधून घेतली आहे ही टाकी, मला माहीत नाही? तू उगाच वाकू नकोस. तूही पडशील, मग नातीला सांगायचं काय, तुझी आई आणि आजा दोघंही लोणच्यासारखे बरणीत पडलेत म्हणून?

यांगस्कित : तुमच्या जावयाला, थुपस्तनला बोलवायला खाली जायचं म्हटलं तर अर्धा तास, वर यायला तास. तोवर ट्रक निघून जाईल. आबा, दुपारी बारा वाजता नदीकाठी नव्या गावाच्या जमिनीच्या चिठ्ठ्या निघायच्यात. घरातल्या थोरल्याने स्वतः उभं राहून अंगठा द्यायचा, तरच घराला जमीन. नाहीतर नाव कटलं. हे तुम्हाला गावप्रमुखांनी, गोबांनी दहा वेळा सांगितलं होतं.

पुंचोक : अकरा वेळा.

यांगस्कित : मग?

पुंचोक : मग काय. गुडघा सुजलाय.

कुंझेस : कोण बोलतंय गं टाकीतून? झऱ्यातले लू, पाण्याखालचे नागदेव, बोलायला लागले की काय?

यांगस्कित : आबी! तू अजून इथे? तुला तर सगळ्यात आधी ट्रकात बसवली होती ना?

कुंझेस : उतरले. लूंच्या घुमटीपुढे धूप लावायचा राहिला होता. शिवाय या गाढवाला शेवटचं पाणी दाखवायचं होतं. ट्रकात माझी गादी घेतात, चूल घेतात, आणि गाढव म्हणे उद्या चालत येईल. बावीस वर्षं माझं सगळं ओझं त्याने वाहिलं, आणि आज गादीला मान! डोळ्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून याची शेपटी धरून वर आले. आत कोण आहे?

पुंचोक : मी आहे, आबी. पुंचोक.

कुंझेस : म्हणजे लू नाहीत. मग काही उपयोग नाही.

यांगस्कित : आबी, गाढवावर दोर आहे ना तुझा? याकच्या केसांचा?

कुंझेस : आहे की. माझ्या नवऱ्याने वळलेला. तो गेला, दोराची एक पीळ सुटली नाही.

यांगस्कित : दे इकडे. आबा, टोक सोडते. काखेखालून घ्या, छातीवर दोन गाठी मारा. दुसरं टोक गाढवाला बांधते. गाढव ओढेल, मी ओढेन, की आलात वर.

पुंचोक : टाकू नकोस दोर.

यांगस्कित : का?

पुंचोक : मी येणार नाही म्हणून.

यांगस्कित : हं. बोललात एकदाचे. गुडघ्याच्या आड लपून किती वेळ बसणार होतात?

पुंचोक : शपथ घेतली आहे मी. सगळ्या गावासमोर, या घुमटीपुढे लोळण घेऊन. झऱ्याखाली घागर पुन्हा जपमाळेच्या एकवीस मण्यांत भरेल तोवर गाव सोडणार नाही. तू होतीस तिथे. तुझं लग्न व्हायचं होतं तेव्हा.

यांगस्कित : होते ना. कशी विसरेन? पेरणीचा दिवस, घागर झऱ्याखाली धरलेली, आणि आमा माळ ओढत होती. एकवीसचे तीस झाले, तीसचे पन्नास झाले. चौसष्टाव्या मण्याला घागर भरली आणि सगळं गाव वळून तुमच्याकडे बघायला लागलं. माझ्या आमाच्या हातून माळ गळून पडली, आबा. ती त्यानंतर कधी नीट हसलीच नाही.

कुंझेस : छोरोल गुणाची होती.

पुंचोक : त्या वर्षी पाणी वाटायची पाळी माझी होती. योजनेवाले सिमेंट घेऊन आले, म्हणाले टाकी बांधा, रात्रीचं वाया जाणारं पाणी साठेल. सगळे हो म्हणाले. पण शब्द माझा होता. पोती फुटायला लागली होती, म्हणून मी हिवाळा सरायच्या महिनाभर आधीच कुदळ लावली. लू झोपेत असताना झऱ्याच्या तोंडाला लोखंड लावायचं नाही, हे दूधपित्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. घाई झाली होती मला. त्याच पेरणीला एकवीसचे चौसष्ट झाले.

यांगस्कित : आबा, तीन उन्हाळे मी पाणी मोजणाऱ्यांची ओझी वाहिलीत. वर बर्फापर्यंत. तीन वर्षं तुम्हाला एकच गोष्ट सांगतेय, तुम्ही ती या कानाने ऐकता आणि त्या कानाने...

पुंचोक : ऐकतो मी.

यांगस्कित : मग परत ऐका. आज तुम्हाला उठून जाताही येत नाही. हा झरा काही टाकीखाली जन्मत नाही. तो वर जन्मतो, बर्फाच्या पायाशी. तिथे दगडगोट्यांचं मोठं भगुणं आहे, तुम्ही लहानपणी मेंढ्या न्यायचात तिथे. बर्फाचा पाय त्या भगुण्यात होता. वितळलेलं पाणी गोट्यांत मुरायचं आणि जमिनीखालून सावकाश, वर्षं घेत, इथे यायचं. म्हणून तर पेरणीच्या वेळी, वर सगळं गोठून दगड झालेलं असताना, आपल्या झऱ्याला पाणी. आता बर्फाचा पाय भगुण्यातून निघून उघड्या कातळावर गेलाय. कातळ पाणी पीत नाही. भर उन्हाळ्यात एकदम लोंढा येतो आणि दरीत निघून जातो. भगुणं रिकामं पडलंय, आबा. तुमच्या सिमेंटने काय बिघडणार होतं?

पुंचोक : आणि ते भरपूर पाण्याचं वर्ष? आपण वरच्या अंगाला नवे वाफे काढले, जर्दाळूसुद्धा लावून बघितले. तेव्हा बर्फ काय वाढत होतं?

यांगस्कित : तेव्हाच तर ते जास्त वितळत होतं! पुढच्या पिढ्यांचं पाणी आपल्याला एकदम मिळालं, आणि आपल्याला वाटलं देव प्रसन्न झाला. नाचलो आपण. छांगच्या दारूचे रांजण उपसले.

कुंझेस : त्या साली पंधरा मण्यांत भरायची घागर. मीच मोजली होती.

यांगस्कित : ऐका! पहिला भोंगा झाला. तीन झाले की ड्रायव्हर थांबणार नाही.

पुंचोक : तू जा.

यांगस्कित : मी जा? कोणाचा अंगठा घेऊन जाऊ? माझा चालत नाही. घर तुमच्या नावावर, मी तुमची एकुलती एक, नवरा माझ्या घरी राहायला आलेला. तुम्हाला टाकून मी जाणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही येणार नाही हे मला माहीत आहे. म्हणजे झालं ना! गाव खाली, शाळा खाली, आणि माझी पोरगी इथे कोरड्या वाफ्यात दगड मांडून खेळणार. तुम्ही टाकीत आहात आबा, पण मीही वर काही मोकळ्यावर उभी नाहीये. अकरा वर्षं तुमच्या त्या शपथेत मीच कोंडलेली आहे. राग येतो मला. खरंच राग येतो.

पुंचोक : ये की राग. हक्क आहे तुझा.

यांगस्कित : तुमचं हे असं गोड बोलणंच नको वाटतं मला! इतक्या पहाटे उतरलात कशाला ते तरी सांगा. लपायला?

पुंचोक : नाही.

यांगस्कित : मग? तुमच्या हाताला काय झालंय? वर धरा. आई गं, सालटी निघालीत सगळी. खाली काय आहे ते? कुदळ?

पुंचोक : कुदळ.

यांगस्कित : टाकी फोडायला उतरलात?

पुंचोक : शेवटचा दिवस होता. म्हटलं, सिमेंट मी घातलं, मीच काढतो. तळ फोडला की खाली कोंडलेलं पाणी उसळेल. ट्रक निघायच्या आत गावात पाणी पोचेल, लोक उड्या मारून खाली उतरतील. म्हातारा वेडा झालाय म्हण हवं तर. मला गोबांचं तोंडही दिसत होतं, पाण्याकडे बघणारं.

यांगस्कित : आणि?

पुंचोक : गुडघा फार दुखतोय.

यांगस्कित : आबा. तळ फुटला की नाही?

पुंचोक : फुटला.

यांगस्कित : मग?

पुंचोक : त्याच्याखालीही खणलं. आधी वीतभर, मग हातभर. मग कोपरापर्यंत हात आत घातला. वाळू लागली. तू सातू भाजायला कढईत तापवतेस ना, तसली कोरडी. बारीक, गरम नाही एवढंच. त्या वाळूला अकरा वर्षांत पाण्याचा हात लागलेला नाही. कोपऱ्यातल्या कपारीतून एवढीशी धार येते, ती आधीही तेवढीच येत होती, आताही तेवढीच.

यांगस्कित : म्हणजे तुम्ही काही अडवलं नव्हतंत! आबा, तुम्ही काही केलंच नव्हतंत! हेच मी तीन वर्षं... रडताय कशाला? हसा की!

पुंचोक : कशाला हसू? अकरा वर्षं मला माहीत होतं कोणाच्या पाया पडायचं. रोज सकाळी उठून घुमटीला दूध वाहिलं, चुना दिला, लोळण घेतली. माझी चूक होती ना, मग माझ्या माफीने पाणी परत आलं असतं. आज नाही तर उद्या. त्या आशेवर जगलो मी. आता तू सांगतेस बर्फ गेलं. मग मी माफी मागू कोणाची? बर्फाची? त्याला कोणी घालवलं?

यांगस्कित : ज्यांनी ते कधी पाहिलंसुद्धा नाही त्यांनी. लांबच्या लोकांनी. धुराने, गाड्यांनी. ते मोजणारे असंच सांगतात.

पुंचोक : त्यांना आपल्या गावाचं नाव तरी माहीत आहे का?

यांगस्कित : नाही.

पुंचोक : मग ते लोळण घेणार नाहीत. आणि पाणी येणार नाही. बघ, मघाशी मी नुसता टाकीत होतो. आता खरा अडकलो.

कुंझेस : पुंचोक.

पुंचोक : बोला, आबी.

कुंझेस : तुझ्या आधीच कमी झालं होतं पाणी.

पुंचोक : काय?

कुंझेस : टाकीच्या आधी चार वर्षं. माझा म्हातारा गेला तो हिवाळा आठव. सहा महिने अंथरुणावर होता. ओढा गोठलेला, नदी गोठलेली, वाहतं पाणी म्हणजे एवढा झरा. त्याचं अंथरूण धुवायचं कुठे? मी एका सकाळी इथे आणलं आणि झऱ्याच्या तोंडात धुतलं. भर हिवाळ्यात. लू झोपलेले असताना. मेलेल्या माणसाची घाण. कोणी बघितलं नाही.

यांगस्कित : आबी...

कुंझेस : त्या पेरणीला मी माळ ओढायला बसले. मोजणारी मीच, गावातली थोरली. एकवीस झाले, घागर भरेना. तिसाला भरली. मला वाटलं, माझंच पाप. मग मी ओरडून सांगितलं, एकवीस.

पुंचोक : खोटं सांगितलं?

कुंझेस : पुढच्या वर्षी अडतीस लागले. मी एका मण्याला दोनदा जप करायला शिकले. लोक मणी बघतात, ओठ कोण बघतं? एकवीस. त्याच्या पुढच्या वर्षी, एकवीस. चार पेरण्या मी एकवीस सांगितले. पाचव्या वर्षी तुझी टाकी झाली, आणि मी तापाने पडले. माळ तुझ्या छोरोलच्या हातात गेली. ती बिचारी सरळ बाई, तिने खरं मोजलं. एकवीसचे चौसष्ट एका वर्षात झाले नव्हते पुंचोक. पाच वर्षं लागली होती.

यांगस्कित : आणि तू गप्प बसलीस.

कुंझेस : बसले. सगळे पुंचोककडे बोट दाखवायला लागले. मला माझ्या बिछान्यात ते कळलं, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. लाज वाटली, पण आधी हलकं वाटलं. म्हटलं, माझं नव्हतं तर, त्याचं होतं. मग पुढे रोज रात्री वाटायचं, नाही, माझंच. उठून सांगावं. सकाळी तू घुमटीपुढे लोळण घेताना दिसायचास, आणि मी परत दार लावून घ्यायचे.

पुंचोक : काय केलंस गं तू हे! अकरा वर्षं! छोरोल त्या चौसष्टात मेली, म्हातारे! मरताना मला म्हणाली, मी भरभर तर नाही ना मोजलं? मला म्हणाली ती, मीच चुकले असेन! तू उशाशी बसली होतीस तिच्या!

कुंझेस : होते.

पुंचोक : तिला तरी सांगायचंस!

कुंझेस : सांगायला हवं होतं. मला क्षमा नको, पुंचोक. मी मागतही नाही. मी आज इथे धुपासाठी आले नव्हते. लूंना सांगून जायला आले होते. तू आत आहेस हे माहीत नव्हतं.

यांगस्कित : दुसरा भोंगा. आबा, ऐका आता माझं. आबीचंही पाप नव्हतं, तुमचंही नव्हतं. अंथरूण धुतल्याने बर्फ मागे सरत नाही, आणि कुदळ लावल्यानेही नाही. तुम्ही दोघं दोन टोकांना बसून एकच दोर आपापल्या गळ्याला आवळत होतात. आता तोच दोर काखेखाली घ्या. पाया पडते तुमच्या.

पुंचोक : शपथ सिमेंटची नव्हती, यांगस्कित. पाण्याची होती. एकवीस मणी. लूंना दिलेला शब्द आहे तो. बर्फ गेलं तर शब्दही गेला, असं होत नाही. मी चोर नव्हतो हे आज कळलं म्हणून आज खोटा होऊ?

यांगस्कित : मग राहा तिथेच! मीही इथेच बसते. पोरगी थुपस्तनसोबत जाईल, आम्ही दोघं टाकीला टेकून म्हातारे होऊ!

कुंझेस : ओरडू नकोस. गाढव बिचकतं. त्याच्या पाठीवर माझी तांब्याची घागर बांधलीय, ती सोड.

यांगस्कित : आता घागर कशाला?

कुंझेस : नव्या जागी पहिलं पाणी जुन्या झऱ्याचं शिंपडायचं असतं. तेवढं तरी न्यायला नको? पुंचोक, घागर दोराला बांधून सोडतेय. तीच आहे, पेरणीची. धारेखाली धर. मी माळ घेते.

पुंचोक : गेल्या वर्षी दोन माळांच्या वर लागले होते, आबी. या वर्षी विचारू नका.

कुंझेस : विचारतंय कोण? तुझी शपथ आहे ना घागरीची? मग घागर भरून बघायला हवी. मोजणारी मी अजून मेले नाही. धरलीस का?

पुंचोक : धरली.

कुंझेस : सुरू.

(खाली तांब्यावर धारेचा बारीक आवाज. वर मणी सरकत राहतात. गाढव पाय बदलतं.)

यांगस्कित : एक माळ झाली, आबी.

कुंझेस : मध्ये बोलू नये.

यांगस्कित : आबा, हात दुखत असेल तर गुडघ्यावर टेकवा घागर.

पुंचोक : नको. तुझी आमा अशीच धरायची. हातावर.

यांगस्कित : दुसरीही संपली... ते बघ, थुपस्तन ट्रकपुढे आडवा झालाय. इथून दिसतोय. पोरीला खांद्यावर घेऊन उभा आहे येडा. ड्रायव्हर हातवारे करतोय.

पुंचोक : चांगला माणूस आहे. मी कधी त्याला म्हटलं नाही.

यांगस्कित : वर येऊन म्हणा.

कुंझेस : बोलू नये म्हटलं ना.

यांगस्कित : तिसरी... आबी, चौथी चालू आहे. तिसरा भोंगा झाला. ऐकलंत ना दोघांनी? तिसरा झाला!

पुंचोक : गळ्याशी आलं. थांब. थांब जरा. भरली.

यांगस्कित : बांधा दोराला. वर घेते... आली. जड आहे. गार आहे किती!

पुंचोक : आबी, किती झाले?

कुंझेस : एकवीस.

यांगस्कित : आबी, चार माळा...

कुंझेस : मोजणारी तू की मी? लूंना काही विचारायचं असेल तर मला विचारतील. आधीच एक उत्तर द्यायचंय त्यांना, त्यात हे दुसरं.

पुंचोक : कुंझेस आबी. नीट सांगा. किती झाले म्हणालात?

कुंझेस : एकवीस झाले, पुंचोक. छोरोललाही तेवढेच सांगेन, भेटली की.

(खाली कुदळ भिंतीला टेकवल्याचा आवाज.)

यांगस्कित : आबा?

पुंचोक : सोड दोर खाली.